घरोघरचे आरोग्यखाते

महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय कुटुंबात आरोग्य आणि सुरक्षितता या दोन खात्यांचा कारभार कसा चालतो, याचा पद्धतशीर अभ्यास करू इच्छिणाऱ्याने सुरुवातीलाच एक मूलभूत नियम ध्यानात घेतला पाहिजे, तो असा की, अशा कुटुंबातील प्रत्येक व्यक्ती इतर सर्वांच्या प्रकृतीविषयी तज्ज्ञ असते आणि स्वतःच्या प्रकृतीविषयी मात्र तिला कोणी काही सांगितलेले खपत नाही. आजोबांनी साखर कमी करावी असे आजींचे ठाम मत असते, आजींनी लोणच्याची फोड सोडावी असे आजोबांचे त्याहून ठाम मत असते, चिरंजीवांचे डोळे मोबाइलपायी जाणार ही भविष्यवाणी वडील स्वतःच्या मोबाइलवरून नजर न काढता वर्तवतात, आणि गृहिणीने थोडी विश्रांती घ्यावी यावर तर घराचे संपूर्ण एकमत असते, फक्त ते एकमत होईपर्यंत तिने सर्वांना चहा दिलेला असतो. या व्यवस्थेस प्रस्तुत लेखात 'परदक्षता' असे नाव दिले आहे. स्वतःला वगळून उरलेल्या कुटुंबाची डोळ्यांत तेल घालून केलेली राखण, असा तिचा अर्थ होय.

परदक्षतेचे मुख्य भांडार म्हणजे औषधांचा डबा. हा डबा मूळचा कधीच औषधांचा नसतो. कोण्या एका दिवाळीत तो सुक्या मेव्यासह घरात आलेला असतो आणि झाकण अजून घट्ट बसते एवढ्याच गुणावर त्याची या पदी नेमणूक झालेली असते. त्यात वर चालू दुखण्याच्या गोळ्या, त्याखाली गेल्या पावसाळ्यातील तापाचे अवशेष आणि तळाशी खोकल्याच्या औषधाची एक बाटली आढळते, जिचे बूच साखरेने असे चिकटलेले असते की ते उघडण्याच्या श्रमात खोकल्याचा विसर पडतो. डोळ्यांत घालायचे थेंब बाटली उघडल्यापासून साधारण चार आठवड्यांत टाकून द्यावेत असा दंडक आहे. डब्यातील बाटली मात्र कोणी उघडली, कोणासाठी उघडली आणि ते डोळे हल्ली कोणत्या गावी असतात, यांपैकी कशाचाच पत्ता नसतो. गोळ्यांच्या स्ट्रिपवर मुदतीची तारीख एका टोकाला छापलेली असते आणि घरातली कात्री हटकून त्याच टोकापासून सुरुवात करते, त्यामुळे उरलेल्या गोळ्यांना मुदतच उरत नाही. अशा गोळीची चौकशी पुढील प्रकारे होते.

"ही कसली गोळी?"

"पोटाची."

"पोटाची म्हणजे नक्की कशाची?"

"मागे यांचं पोट दुखत होतं ना, तेव्हा आणली होती."

"मग थांबलं होतं का दुखायचं?"

"आपोआप थांबलं. म्हणून तर गोळ्या उरल्या."

काही स्ट्रिपवर एक उभी तांबडी रेघ असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून हे औषध घेऊ नये, असा तिचा अर्थ असून केंद्र सरकारने २०१६ साली या रेघेविषयी खास प्रचारमोहीमही चालवली होती. घरगुती परंपरेत मात्र 'हे औषध चांगले जोरदार आहे' असा तिचा अर्थ रूढ झाला आहे. प्रतिजैविके, म्हणजे जिवाणूंचा नाश करणारी औषधे, साध्या सर्दीवर काहीही परिणाम करत नाहीत, कारण ती सर्दी विषाणूंची असते. तरीही पाच दिवसांच्या औषधापैकी दोन दिवसांचे औषध बरे वाटताच वाचवून ठेवले जाते आणि पुढे घरातल्या दुसऱ्याच्या सर्दीवर, तिसऱ्याच्या सल्ल्याने खर्ची पडते. पॅरासिटामॉल या तापावरील औषधाची कथा याहून गमतीची आहे. प्रौढ माणसाने दिवसभरात ते चार ग्रॅमच्या वर घेऊ नये, कारण त्यापुढे यकृतास इजा होऊ शकते, परंतु तेच औषध तापाच्या गोळीत एका नावाने, सर्दीच्या गोळीत दुसऱ्या नावाने आणि अंगदुखीच्या गोळीत तिसऱ्या नावाने भेटत असल्याने, ताप, सर्दी आणि अंगदुखी एकदम झालेला गृहस्थ तीन निरनिराळे उपचार चालू असल्याच्या समाधानात एकच औषध तीनदा घेत असतो, आणि तरीही बायकोला सांगतो, "तू उगाच गोळ्या घेत जाऊ नकोस."

औषधांनंतर क्रम लागतो तो डासांचा. दिवेलागणीला घरातील सर्व खिडक्या कडेकोट बंद करणे, कोपऱ्यात धूर करणे आणि विजेची रॅकेट हाती घेऊन आजोबांनी दिवाणखान्यात गस्त घालणे, हा विधी घरोघरी निष्ठेने पाळला जातो. यातील अडचण एवढीच की, डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस जातीचा डास, ज्याच्या काळ्या पायांवर पांढरे पट्टे असतात, तो मुख्यतः दिवसा, सकाळी आणि मावळतीच्या आधी चावतो, म्हणजे खिडक्या बंद होण्याच्या सुमारास त्याचे दिवसाचे काम बहुतेक उरकलेले असते. शिवाय तो गटारापेक्षा घरातील स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढणे पसंत करतो, ही गोष्ट सुसंस्कृत कुटुंबांना मनातून पटत नाही. महापालिकेचा आरोग्य कर्मचारी विजेरी घेऊन दारात येतो, तेव्हा हा मतभेद उघड होतो.

"घरात कुठे पाणी साठवलंय का, ताई?"

"छे हो, आमच्याकडे सगळं स्वच्छ असतं. डास येतात ते त्या समोरच्या नाल्यातून. तिकडे बघा ना जरा."

कर्मचारी नाल्याकडे न बघता खिडकीतील मनीप्लांटच्या बाटलीकडे बघतो. विजेरीचा झोत पडताच पाण्याच्या पृष्ठभागाला डोके खाली करून लटकलेल्या दोऱ्याएवढ्या अळ्या वळवळत तळाकडे सूर मारतात आणि थोड्या वेळाने श्वास घ्यायला एकेक करून पुन्हा वर येतात.

"पाणी कधी बदललं होतं?"

"दर आठवड्याला घालते की मी!"

"घालता ते कळलं. काढता कधी?"

या प्रश्नावर घरात मतैक्य होत नाही. पुढे फ्रिजच्या मागील बाजूस, बाहेर आलेले पाणी जमा होण्यासाठी एक ट्रे असतो, हा शोधही त्याच दिवशी लागतो आणि फ्रिज घेतल्यापासून तो ट्रे कोणीही पाहिलेला नव्हता, हे सर्वजण एकमेकांना रागाने सांगतात. अंड्यापासून पूर्ण वाढलेला डास होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा सर्व भांडी रिकामी करून, घासून, कोरडी करावीत असे सांगितले जाते आणि त्यास 'कोरडा दिवस' म्हणतात. घासायचे अशासाठी की, या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडेपणातही महिनोन्‌महिने तग धरतात. ज्या भागात नळाला दिवसाआड पाणी येते, तेथील रहिवाशांना भरलेले पिंप ओतून टाका असे सांगणाऱ्या कर्मचाऱ्याकडे लोक ज्या नजरेने पाहतात, तिचे वर्णन करण्याचे येथे टाळले आहे.

स्वयंपाकघरातील सुरक्षितता ही प्रामुख्याने घराबाहेर पडल्यावर सुरू होते. सर्व कुटुंब लग्नाला निघून, रिक्षात बसून, रिक्षा कोपऱ्यावर पोहोचली की "गॅस बंद केला होता ना?" हा प्रश्न उपस्थित होतो. चिरंजीव तीन मजले चढून जातात व गॅस बंद असल्याची वार्ता घेऊन येतात, तेव्हा "आणि रेग्युलेटर?" असे विचारले जाते. ही दक्षता निश्चितच स्तुत्य आहे. परंतु ज्या नळीतून हा गॅस येतो, ती तेलाच्या थराने मूळ रंग हरवून बसलेली नळी दर पाच वर्षांनी बदलायची असते आणि तिची मुदत तिच्यावरच छापलेली असते, हा विषय निघाला की तेच कुटुंब तत्त्वज्ञानाकडे वळते. "चांगली आहे की अजून, काय झालंय तिला?" हे विधान नळी दिसेनाशी झाली तरी कायम राहते. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, आणि सिलिंडरच्या कड्याखालील उभ्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर व वर्षाचे दोन आकडे रंगवलेले असतात. वर्षाची चौथाई अक्षराने दाखवून सिलिंडरची पुढील चाचणी केव्हापर्यंत व्हायला हवी, हे त्यातून कळते. कुटुंबातील जाणकारांच्या मते मात्र तो सिलिंडरचा गोदामातील नंबर असतो.

स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचे उग्र वासाचे रसायन अत्यल्प प्रमाणात मिसळतात, आणि त्याचा वास सडक्या कोबीच्या वासाशी जुळतो. परिणामी असा वास आल्यावर घरात प्रथम कांद्याबटाट्यांची टोपली उपसली जाते. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणून दारे-खिडक्या उघडून, रेग्युलेटर बंद करून बाहेर पडावे, विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये आणि १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे, असे सांगितलेले आहे. व्यवहारात मात्र वास नेमका कुठून येतो हे नीट दिसावे म्हणून एकजण दिवा लावायला धावतो, दुसरा वास जावा म्हणून एक्झॉस्ट पंखा लावायला धावतो, आणि दोघेही एकमेकांवर ओरडतात, "अरे, बटणाला हात लावू नकोस!" दोघांचेही सांगणे बरोबर असते, आणि दोघांचाही हात बटणावर असतो.

चोरांपासून संरक्षणाचा भाग थोडक्यात आटोपता येईल, कारण त्यात कुटुंबाने कसलीच कसर ठेवलेली नसते. मुख्य दार, त्याबाहेर जाळीचे दार, साखळी, वरची कडी, खालची कडी आणि बाहेरचा माणूस दिसावा म्हणून दारात बसवलेले काचेचे भिंग, इतकी सिद्धता केल्यावर बेल वाजताच आतून "कोण आहे?" असे विचारले जाते, बाहेरून "मी" असे उत्तर येते आणि दार उघडले जाते. जगातील प्रत्येक चोरास हे उत्तर देता येते, ही शक्यता अद्याप कोणी विचारात घेतलेली नाही. किल्लीचा जादा जोड शेजारच्या काकूंकडे असतो व ही गोष्ट केवळ घरच्यांना, काकूंना आणि तीन मजल्यांना माहीत असते. बँकेतून बोलत असल्याचे सांगणाऱ्या अनोळखी इसमास आजोबा सहा आकडी संकेतांक, म्हणजे ज्याला सर्वत्र ओटीपी म्हणतात तो, चाळीशी लावून, एकेक आकडा सुटा करून, खणखणीत आवाजात वाचून दाखवत असताना आजी मात्र दाराची खालची कडी लागली आहे ना, हे पुन्हा एकदा पाहत असतात. अशा फसवणुकीची तक्रार ताबडतोब १९३० या क्रमांकावर करायची असते. तो क्रमांक लिहिलेला कागद कुठे ठेवला आहे, हे फक्त आजोबांना माहीत असते.

न्हाणीघराच्या बाबतीत वयस्करांचा स्वाभिमान आणि ओली फरशी यांचा जुना झगडा आहे. भिंतीला आधाराची दांडी बसवावी, असे मुलाने सुचवताच "मला काय टेकायला दांडी हवी, इतका म्हातारा झालोय का मी?" असा प्रश्न येतो, आणि तो विचारणाऱ्याचा हात त्या वेळी टॉवेलच्या दांडीवर असतो. टॉवेलचा भार घेण्यासाठी दोन लहान स्क्रूंवर बसवलेली ती दांडी यथावकाश माणसाचा भार न सोसून हातात येते, आणि मग तिच्या निकृष्ट दर्जाबद्दल प्लंबरला बोलावून खडसावले जाते. दिवाळीच्या सफाईत याच जागी आणखी एक प्रयोग होतो. शौचालयात टाकायचे आम्लयुक्त द्रव्य आणि ब्लीचिंग पावडर यांचा संयोग झाल्यास क्लोरीन हा विषारी वायू सुटतो, त्यामुळे ती दोन्ही एकत्र कधीही वापरू नयेत, पण एकाने एवढी स्वच्छता होते तर दोहोंनी किती होईल, या बिनतोड हिशेबाने दोन्ही ओतली जातात, आणि खोकत, डोळे पुसत बाहेर आलेली व्यक्ती अभिमानाने सांगते, "आता कसं स्वच्छ वाटतंय!"

कोणी प्रत्यक्ष आजारी पडल्यास परदक्षतेला खरा बहर येतो. चिरंजीवांना नाक्यावरची पाणीपुरी बाधली आणि जुलाब सुरू झाले की तासाभरात आत्याचा फोन जायफळ उगाळून द्या म्हणून येतो, मावशीचा डाळिंबाच्या सालीचा काढा द्या म्हणून येतो, शेजारच्या काकू साबुदाण्याची पेज घेऊन स्वतःच येतात आणि आजी मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढतात. या गर्दीत ज्याची खरी गरज असते, ते मीठ-साखरेचे पाणी पाजायचे तेवढे राहते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून देण्याचे सलाइन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून पाजण्याचा उपाय मोठ्या प्रमाणावर केला व असंख्य लोकांचे प्राण वाचवले. या तत्त्वावरील उपचारास १९७८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने शतकातील बहुधा सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरवले. एवढा थोर शोध घरात मात्र काटकसरीच्या तावडीत सापडतो. याच तत्त्वावर बनवलेल्या ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात विरघळवायची व ते पाणी २४ तासांच्या आत संपवायचे, असे पुडीवर लिहिलेले असताना आजी ती चिमूट-चिमूट पेल्यात घालून उरलेली पुडी रबर लावून डब्यात ठेवतात, तर वडील लवकर गुण यावा म्हणून अख्खी पुडी एकाच पेल्यात कालवतात.

"अहो, एक लिटर लिहिलंय त्यावर."

"अगं, एवढं पाणी पितो का तो? पातळ कशाला करायचं औषध?"

पेला तोंडाला लावताच चिरंजीव तो खारट घोट थुंकतात आणि ओआरएस त्याला सोसत नाही, अशी नोंद कुटुंबाच्या वैद्यकीय इतिहासात कायमची होते. वास्तविक प्रमाण चुकल्यास हे पाणी उपकाराऐवजी अपकार करू शकते, आणि पुडी नसल्यास एक लिटर पिण्याच्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते घरीही करता येते. पण घरात चमच्यांचे इतके आकार असतात की त्यांतला प्रमाण चमचा कोणता, यावर चर्चा सुरू होते, आणि ती संपण्याआधी जुलाब थांबतात. श्रेय जायफळाला जाते.

या सर्व व्यवस्थेचे परमोच्च साधन म्हणजे रक्तदाब मोजण्याचे बॅटरीवर चालणारे यंत्र होय. हृदय आकुंचन पावताना धमन्यांवर जो दाब येतो तो वरचा आकडा आणि हृदय सैलावले असताना राहतो तो खालचा आकडा. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही ते १४० आणि ९० किंवा त्याहून अधिक येत राहिल्यास तो उच्च रक्तदाब समजला जातो. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे, पाठीला टेका असावा, पाय जमिनीवर टेकलेले असावेत व एकावर एक टाकू नयेत, दंड उघडा व हृदयाच्या पातळीवर असावा, अर्धा तास आधीपर्यंत चहा घेऊ नये आणि मोजताना बोलू नये, असे नियम आहेत. रविवारी सकाळी चहा होताच यंत्र बाहेर निघते, आजोबा स्वेटरच्या बाहीवरूनच पट्टा बांधून घेतात, मांडीवर मांडी टाकतात आणि पट्टा फुगू लागताच सोसायटीच्या वाढीव देखभालखर्चावर बोलू लागतात. आकडा जास्त येतो. तो पहिला म्हणून बाद ठरवतात. दुसरा सेक्रेटरीचा उल्लेख झाल्यामुळे बाद होतो. तिसरा जरा बरा येतो, तो वहीत लिहिला जातो आणि त्यावरून आजोबांची प्रकृती उत्तम असल्याचे सिद्ध होते. मग आजींची पाळी, मग वडिलांची, मग भेटायला आलेल्या मावशींची, आणि हौस म्हणून शेवटी चिरंजीवांचीही. पट्टा बांधणे, बटण दाबणे, आकडे लिहिणे आणि मधूनमधून पोहे परतणे, ही कामे अर्थातच गृहिणीकडे असतात, आणि तिचा स्वतःचा रक्तदाब वहीच्या एकाही पानावर नसतो.

कधी तरी मावशींच्या हे ध्यानात येते.

"अगं, तुझं मोजलंस का?"

"मला काय धाड भरलीय! पोहे गार होतायत, बसा आधी सगळे."

पण मावशी ऐकत नाहीत, तिला खुर्चीत बसवतात आणि यंत्र आयुष्यात प्रथमच सर्व नियम पाळून वापरले जाते, कारण ती खुर्चीला पाठ टेकून खरोखरच पाच मिनिटे गप्प बसते व तेवढ्यात तिचा डोळाही लागू पाहतो. आकडा येतो १५८ आणि ९६. काही वेळ थांबून पुन्हा मोजतात, तर १६२ आणि ९८. आता मात्र घरात गांभीर्य पसरते. आजोबा चष्मा पुसून आकडा स्वतः वाचतात, आजी देवापुढे निरांजन लावतात, वडील इंटरनेटवर शोध घेऊ लागतात आणि चिरंजीव मोबाइल खाली ठेवतात. असे अंगावर काढणे बरे नाही, हयगय करून चालणार नाही, सोमवारी सकाळी पहिले काम हेच, यावर सर्वांचे एकमत होते आणि ठरल्याप्रमाणे सोमवारी सकाळी, कार्यालयात अर्ध्या दिवसाची रजा टाकून, वडील यंत्र तपासायला दुकानात घेऊन जातात. दुकानदार ते स्वतःच्या दंडाला लावून पाहतो, दुसऱ्या यंत्राशी ताडून पाहतो आणि यंत्र अगदी ठणठणीत आहे, असा निर्वाळा देतो. हे वडिलांनी फोनवरून कळवताच घरात सर्वांचा जीव भांड्यात पडतो.